टाळगाव चिखली आणि इंद्रायणीकाठचा आपला वारसा

मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस श्रीसंत संताजी जगनाडे महाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त सुदुंबरे येथे आपला तेली समाज दर वर्षी मोठ्या संख्येने एकत्र जमतो. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून बंधुभगिनी येतात, समाधीचे दर्शन घेतात, कीर्तन ऐकतात, महाप्रसाद घेतात आणि सायंकाळी आपापल्या वाहनांनी परत फिरतात. हा सोहळा पाहून मनास समाधान वाटते. तथापि एक गोष्ट गेली अनेक वर्षे आमच्या मनास लागून राहिली आहे. ज्या वाटांनी संताजी महाराज चाकणाहून देहूस पायी येत, त्या वाटा आणि ज्या नदीच्या काठी ते तुकोबांच्या मागे टाळ घेऊन उभे राहिले, ती नदी आपल्यापैकी फारच थोडे जण डोळे भरून पाहतात.

मागील वर्षी समाजातील एका तरुणाने आम्हांस विचारले, “गुरुजी, दोन दिवसांची सुट्टी आहे. मुलांना घेऊन महाबळेश्वरास जावे म्हणतो. आपल्या चिखलीच्या आसपास मुलांना दाखवण्यासारखे काय आहे?” प्रश्न सरळ होता, उत्तर देताना मात्र आमची वाचा क्षणभर अडली. पाहण्यासारखे येथे पुष्कळ आहे. परंतु ते सांगू लागलो की निम्म्या वाक्यांच्या शेवटी ‘आहे’ म्हणावे की ‘होते’ म्हणावे, हाच प्रश्न पडतो. त्या तरुणास त्या वेळी जे नीट सांगता आले नाही, ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे सावकाश मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गाव, नदी आणि नाव

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे गावाच्या परिसरात उगम पावते. कामशेत, इंदुरी, देहू, तळवडे, चिखली, मोशी, आळंदी अशी गावे मागे टाकीत ती तुळापूर येथे भीमेस मिळते. हीच भीमा पुढे पंढरपुरास चंद्रभागा म्हणून ओळखली जाते. देहूचे आणि आळंदीचे पाणी शेवटी विठ्ठलाच्या पायांशीच जाते, असे आमची आजी मोठ्या कौतुकाने सांगत असे. आणि पुढे आम्ही वर्गात भूगोल शिकवू लागलो तेव्हा त्यात काहीच चूक नसल्याचे आमच्या ध्यानात आले.

चिखलीचे स्थान या नदीवर मोठे मोक्याचे आहे. एका बाजूस तुकोबांचे देहू आणि दुसऱ्या बाजूस ज्ञानोबांची आळंदी. आजचा देहू-आळंदी रस्ताही तळवडे, चिखली, मोशी, डुडुळगाव असाच जातो. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली, तेव्हा तुकोबांच्या पादुका देहूहून आळंदीस नेऊन तेथून ज्ञानोबांच्या पादुकांसह पंढरीस न्यावयाच्या, असा क्रम होता. या दोन क्षेत्रांच्या मधल्या गावांस वारी घरचीच वाटावी, यात नवल ते काय!

जुनी माणसे या गावास नुसते चिखली म्हणत नाहीत. ‘टाळगाव चिखली’ म्हणतात. फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकोबांचे प्रयाण झाले आणि पंचमीस त्यांचे टाळ व गोधडी आकाशमार्गे परत आली, अशी देहूची परंपरा आहे. त्यांतला टाळ आमच्या गावी पडला, असे चिखलीची परंपरा सांगते. इतिहासाचा विद्यार्थी अशा कथेस पुरावा मानणार नाही, आणि मानूही नये. परंतु कथा ही एका निराळ्या गोष्टीचा पुरावा असते. आपण तुकोबांच्या मेळ्यातले आहोत, असे या गावास मनापासून वाटत होते, हे तीवरून निःसंशय दिसते. शिवाय तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांच्या नामावळीत मल्हारपंत कुलकर्णी चिखलीकर हे नाव येते. तेव्हा टाळ आकाशातून आला असो वा मल्हारपंतांच्या हातातून आला असो, तो या गावी आला होता एवढे खरे.

चौदा टाळकरी आणि त्यांच्या वाटा

या चौदा टाळकऱ्यांची नावे आपल्या मुलांना पाठ असावीत असे आम्हांस वाटते. निरनिराळ्या याद्यांत थोडाफार फरक आढळतो. परंतु त्यांतील गावे पाहिली की या मुलखाचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. देहूचे महादजीपंत कुलकर्णी, तुकोबांचे बंधू कान्होबा, येलवाडीचे मालजी गाडे, सुदुंबऱ्याचे गवरशेठ वाणी, चिखलीचे मल्हारपंत, लोहगावचे कोंडपाटील, नावजी माळी आणि शिवबा कासार, बहुळचे रामेश्वर भट्ट, आणि आपले संताजी तेली. ब्राह्मण, वाणी, पाटील, माळी, कासार, तेली असे सर्व एका ओळीत उभे राहून टाळ वाजवीत होते. ज्या काळी पाणवठे वेगळे आणि पंगती वेगळ्या, त्या काळी हे घडले. हे विसरून चालणार नाही.

यांपैकी कोणाकडे वाहन होते? शेतीची, दुकानाची, घाण्याची कामे उरकून ही मंडळी पायी निघत. चिखलीहून देहू दोन-अडीच कोस. लोहगाव आणि चाकण त्याहून दूर. रात्रीचे कीर्तन आटोपले की पहाटे पुन्हा आपल्या उद्योगास हजर. आपण वारसा म्हणतो तेव्हा मंदिर, समाधी, किल्ला एवढ्याच गोष्टी डोळ्यांपुढे आणतो. आमच्या मते या मुलखातला सर्वांत जुना वारसा म्हणजे या गावांना जोडणाऱ्या पायवाटा होत. त्या नसत्या तर मेळा जमला नसता, आणि मेळा जमला नसता तर आपल्या संताजींच्या वहीत तुकोबांचे अभंग उतरले नसते.

संताजी महाराजांचा जन्म १६२४ साली चाकण येथे झाला. घरी घाणा, तेलाचा व्यापार, पुरेसे सुखवस्तू जीवन. तुकोबांचे कीर्तन ऐकून त्यांचे चित्त पालटले. तरी त्यांनी संसार सोडला नाही आणि घाणाही सोडला नाही. लिहिता-वाचता येणाऱ्या या तेल्याने अभंग लिहून ठेवले. त्यांचे पुत्र बाळोजी यांनीही ते काम पुढे चालविले. या वह्यांच्या आधारे विनायक लक्ष्मण भावे यांनी १९१९-२० च्या सुमारास ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ प्रसिद्ध केला, आणि घाण्याशेजारी बसून लिहिलेले ते अक्षर सगळ्या महाराष्ट्रास मोलाचे ठरले. २००९ साली भारतीय टपाल खात्याने महाराजांचे तिकीट काढले, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट होय. तीन मुठी मातीची कथा आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. “तुझ्या देहास मी माती देईन,” असे वचन तुकोबांनी संताजींस दिले होते. संताजींच्या निधनानंतर कितीही माती लोटली तरी मुखकमल झाकेना; तेव्हा तुकोबा वैकुंठाहून आले आणि त्यांनी तीन मुठी माती टाकून आपले वचन पुरे केले. या कथेकडे आम्ही लेखाच्या शेवटी पुन्हा येणार आहोत.

यात्रा हीच सहल

सुट्टी काढून, पैसे खर्च करून, केवळ मौजेसाठी दूरच्या गावी जाणे ही चाल आपल्याकडे अलीकडची आहे. रेल्वे आली, कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्ट्या आल्या, त्यानंतर ती रुजली. मग त्यापूर्वीचे लोक मोकळ्या हवेत रमत नव्हते काय? पुष्कळ रमत होते. मात्र त्यांची सहल यात्रेच्या पोटातच दडलेली असे. बीजेस देहूस जावे, कार्तिकी एकादशीस आळंदीस जावे, श्रावणात डोंगरावरच्या महादेवास जावे. सासुरवाशिणीस घराबाहेर पडण्यास एरवी कारण मिळत नसे. देवाचे नाव घेतले की कोणी अडवीत नसे. भाकरीचे गाठोडे, कांदा, शेंगदाण्याची चटणी, नदीचे पाणी आणि झाडाची सावली एवढ्यावर दिवस आनंदात जाई.

आपल्या समाजात तर विश्रांतीचा दिवस धर्मानेच नेमून दिला होता. सोमवार हा शंकराचा वार म्हणून त्या दिवशी घाणा बंद ठेवण्याची चाल आपल्यात पुष्कळ ठिकाणी होती, आणि त्यावरून ‘सोमवारे तेली’ असे नावही पडले होते. कोकणातील बेने इस्रायल मंडळी तेल गाळण्याचा धंदा करीत. त्यांच्या धर्माप्रमाणे ती शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत, हेही वाचकांस ठाऊक असेल. सोमवारी झापड काढलेला बैल मोकळा चरे आणि त्याचा धनी नदीवर स्नान करून महादेवास जाई. आठवड्याची सुट्टी साहेबाने आणली असे म्हणतात. बैलास आणि माणसास एकाच दिवशी विसावा देणारी ही आपली सुट्टी त्याहून पुष्कळ जुनी आहे.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९७० च्या आसपास, इंद्रायणीचा काठ हेच आमचे क्रीडांगण होते. वाळलेला भोपळा किंवा रिकामा पत्र्याचा डबा पाठीस बांधून वडीलधारी माणसे आम्हांस पाण्यात लोटीत, आणि चार दिवसांत पोर तरंगू लागे. काठावर विटीदांडू, हुतूतू, झाडांवर सूरपारंब्या. कपडे धुणाऱ्या बायका एका अंगास, जनावरे धुणारे खालच्या अंगास, आणि पिण्याचे पाणी भरावयाचे ते सर्वांच्या वरच्या अंगास. हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडीतही कोणी नसे. देहूच्या डोहात महसीर जातीचे मोठमोठे मासे असत. त्यांस देवमासे म्हणत, कोणी मारीत नसे, आणि यात्रेकरू त्यांस चुरमुरे घालीत. अभयारण्य हा शब्दही ज्यांनी ऐकला नव्हता, त्यांनी ते एका डोहात प्रत्यक्ष सांभाळले होते.

वर्षातून एकदा ग्रामदैवताची जत्रा भरे. पहाटे देवाचा अभिषेक, दुपारी बैलगाड्यांच्या शर्यती, सायंकाळी कुस्त्यांचा आखाडा, रात्री तमाशा. आमच्या खेड, मावळ, जुन्नर भागातील शर्यतीची रीत निराळी आहे. चढावाच्या धावपट्टीस ‘घाट’ म्हणतात. पुढे जुकाट, मागे धुरेकरी असे चार बैल, त्यांच्यापुढे घोडी, आणि एकेका गाड्याची ‘बारी’ सेकंदांवर मोजली जाते. घाण्याला जुंपलेला बैल वेगळा आणि घाटात पळणारा बैल वेगळा. पण दोघांची पुरणपोळी बेंदराला सारखीच, असे आमचे वडील म्हणत.

डोंगर, लेणी आणि किल्ले

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचे थेट उत्तर. चिखलीहून सकाळी निघून सायंकाळी परत येता येईल अशा अंतरात किती स्थळे आहेत, ते पाहू.

देहूच्या पलीकडे भंडारा डोंगर. तुकोबांचे हे चिंतनाचे स्थान; येथे प्राचीन बौद्ध लेण्यांचेही अवशेष आहेत. डोंगराच्या एका अंगास इंद्रायणीचे खोरे आणि दुसऱ्या अंगास सुदुंबरे. भंडाऱ्यावर उभे राहून मुलास दोन्ही बाजू दाखवाव्यात. गुरूचे गाव आणि शिष्याचे गाव एका दृष्टिक्षेपात येते. चाकणच्या वायव्येस भामचंद्र डोंगर, तोही तुकोबांच्या साधनेने पावन झालेला. लोहमार्गालगत शेलारवाडीजवळ घोरावडेश्वराची बौद्ध लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्यांत शिलालेख आहेत आणि पुढील काळात तेथेच महादेवाची स्थापना झाली. जवळच देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. दोन हजार वर्षांच्या अंतराने बुद्ध याच खोऱ्यात परत आला, हे मुलांना अवश्य सांगावे.

चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट. १६६० साली शायिस्तेखानाच्या प्रचंड सैन्यास फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर शिबंदीनिशी सुमारे ५५ दिवस झुंजविले. आज बुरूज व खंदक यांचे थोडे अवशेष उरले आहेत. संताजी महाराज त्या वेळी पस्तीस-छत्तीस वर्षांचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पडक्या भिंतींकडे पाहण्याची आपली दृष्टीच बदलते. आपल्या गावावर तोफा चालत असताना त्या माणसाने वह्या जपल्या! इंद्रायणीकाठी इंदुरी येथे सेनापती दाभाडे यांची गढी आहे. पवनेकाठी चिंचवड येथे मोरया गोसावींची समाधी आहे. मोशीस श्रीनागेश्वर आहेत. निगडीचे भक्ती-शक्ती शिल्प अलीकडचे. तेथे मुले रमतात. टाळगाव चिखली येथे महापालिकेने जगद्गुरू संत तुकाराम महाराज संतपीठ उभारले आहे. ज्या गावी टाळ पडला असे म्हणतात, तेथे मुले संतसाहित्य शिकतात, ही आनंदाची गोष्ट आहे.

एवढे सर्व असताना आमची वाचा का अडली? कारण ही सारी स्थळे म्हणजे मणी होत, आणि ज्या दोऱ्यात ते ओवलेले होते ती नदीच आज आजारी आहे.

पालटलेला काळ

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पाहता पाहता माळराने कारखान्यांनी भरून गेली. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० साली आणि महानगरपालिका १९८२ साली झाली. १९९७ साली चिखलीही महापालिकेत गेली. पुढे चाकण परिसरात मोटारींचे कारखाने आले.

आम्ही कारखान्यांस नावे ठेवणार नाही. तेलाच्या गिरण्या निघाल्या तेव्हा आपले घाणे थंडावले, आणि त्या काळी आपल्या मुलांच्या हातांस काम दिले ते याच कारखान्यांनी. आपली घरे पक्की झाली, मुली शिकल्या, मुले इंजिनिअर झाली. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु या सुबत्तेची किंमत कोणी चुकती केली, हा प्रश्नही विचारलाच पाहिजे. ती किंमत इंद्रायणीने चुकती केली. शुद्ध न केलेले घरगुती सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी नाल्यांतून नदीत येते. त्यातील साबणासारख्या द्रव्यांमुळे बंधाऱ्यावरून पाणी कोसळते तेथे फेस धरतो. आळंदीस ऐन कार्तिकीच्या तोंडावर असा पांढरा फेस नदीभर तरंगताना वारकऱ्यांनी पाहिला आहे. २०२४ च्या मार्च महिन्यात, बीज अवघ्या काही दिवसांवर आली असताना, देहूस नदीत असंख्य मासे मरून पडले. ज्या देवमाशांस पिढ्यान्‌पिढ्या कोणी हात लावला नव्हता, त्यांस कोणी न मारता मरण आले.

या बदलाची एक लहानशी नोंद आमच्याजवळ आहे. शिक्षक असताना आम्ही चौथीच्या मुलांची पायी सहल दर वर्षी नदीकाठी नेत असू. १९८५ च्या सुमारास मुले पाण्यात मनसोक्त डुंबत. पुढे दहा-बारा वर्षांनी मुलांच्या अंगास खाज सुटू लागली. पालकांनी तक्रार केली आणि ती रास्तच होती. मग मुलांनी काठावरच बसावे असे ठरले. एका वर्षी एका लहान मुलीने बंधाऱ्याकडे बोट करून विचारले, “गुरुजी, हा बर्फ आहे का?” आम्ही तिला काय उत्तर दिले ते आज आठवत नाही; तिचा प्रश्न मात्र विसरता येत नाही. त्यानंतर ती सहल बंद झाली, आणि तिच्या जागी मुलांना बसने जलक्रीडा उद्यानात नेऊ लागले. ज्या गावास नदी आहे, त्या गावची मुले तिकीट काढून पाण्यात खेळू लागली. आम्हीही त्या बसमध्ये होतो. नदीविषयी कोठे एक अर्जही आम्ही त्या वेळी केला नाही, हा आमचाच दोष.

२०२५ हे वर्ष तर या नदीने आपणांस दोन धडे देऊन गेले. १७ मे २०२५ रोजी चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार महापालिकेने पाडले. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती निळी रेषा. तिच्या आतील जागा नदीची असते. आयुष्याची पुंजी घालून घर बांधणाऱ्यांचे दुःख पाहवत नव्हते. परंतु जुन्या माणसांना विचारले असते तर त्यांनी नकाशा न पाहताच सांगितले असते की तेथे पाणी येते. नदीकाठचे चालणे सुटले आणि हे ज्ञानही सुटले.

त्यानंतर महिनाही झाला नाही तोच १५ जून २०२५ रोजी, रविवारी, इंदुरीजवळ कुंडमळा येथील इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल सहलीस आलेल्या लोकांच्या भाराने कोसळला आणि चार जणांचे प्राण गेले. ती माणसे कशासाठी गेली होती? मोकळी हवा, वाहते पाणी आणि नदीच्या खडकांतील कुंडे पाहण्यासाठी. त्यांची हौस चुकीची नव्हती. आमच्या मते, खालच्या अंगाची नदी बिघडल्यामुळे लक्षावधी माणसांची ही भूक वरच्या अंगाच्या दोन-चार ठिकाणी एकवटते, आणि तेथे ना व्यवस्था असते, ना सावधगिरी. काठ सर्वत्र स्वच्छ आणि चालण्याजोगा असता, तर एका जुन्या पुलावर एवढी गर्दी कशास झाली असती?

कोणी म्हणेल, नदी हे आता केवळ शोभेचे साधन आहे. करमणुकीस बागा आहेत, मोठी दुकाने आहेत. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की आंद्रा धरणातून इंद्रायणीत सोडलेले पाणी निघोजे येथील बंधाऱ्यावर उचलून चिखलीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आणतात, आणि तेच शहराच्या नळांस येते. नदीकडे पाठ फिरविलेला माणूसही तिचेच पाणी पीत आहे.

बैलगाड्यांपासून घेण्याचा धडा

निराश होऊन लेख संपविणे आमच्या स्वभावात नाही, आणि त्याचे कारणही आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलगाडा शर्यती बंद झाल्या. घाट ओस पडले. त्या वेळी आमच्या भागातील शेतकऱ्यांनी काय केले? सभा घेतल्या, निवेदने दिली, कायदा बदलून घेतला, वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींस सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. २०२२ च्या मे महिन्यात चिखलीच्या जाधववाडीत भरलेल्या शर्यतीस लोटलेला समुदाय ज्यांनी पाहिला, त्यांस लोकांचा निश्चय म्हणजे काय ते कळले. आणि हेही सांगितले पाहिजे की बंदीमुळे पूर्वीचे काही क्रूर प्रकार थांबले, नियम आले. शर्यत परत आली ती सुधारून आली.

आम्ही विचारतो, घाटासाठी सात वर्षे लढणारी माणसे नदीसाठी का लढत नाहीत? बैल आपला वाटला म्हणून लढलो. नदी आता आपली वाटत नाही, कारण आपण तिच्याकडे जात नाही. जेथे पाय जात नाहीत तेथे मन जात नाही. म्हणून नदी सुधारल्यावर काठावर जाऊ, असे म्हणून चालणार नाही. आधी काठावर गेले पाहिजे.

समाजापुढे नम्र सूचना

या दृष्टीने आपल्या समाजाने करण्याजोग्या काही गोष्टी आम्ही नम्रपणे सुचवितो. सुदुंबऱ्याहून संताजी महाराजांची पालखी पंढरीस जाते, त्याचप्रमाणे पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी ज्यांस शक्य असेल त्यांनी सहकुटुंब देहूहून भंडाऱ्यावरून सुदुंबऱ्यास पायी यावे. मुलांना चौदा टाळकऱ्यांची नावे वाटेत सांगावीत. दुसरे, निर्माल्य, प्लॅस्टिकच्या पत्रावळी आणि पेले नदीत वा नाल्यात टाकणार नाही, असा नियम प्रत्येक कार्यक्रमात पाळावा; दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी आपला उंबरा स्वच्छ असावा. तिसरे, समाजातील कोणीही भूखंड अथवा घर घेण्यापूर्वी महापालिकेच्या नकाशावर पूररेषा पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. स्वस्त जागेच्या मोहाने पुढील पिढी उघड्यावर पडते. चौथे, प्रत्येक मुलास आणि मुलीस पोहणे शिकवावे. तलावात शिकवा, पण शिकवा. आणि पाचवे, ज्या वृद्धांस नदीचे डोह, जुने घाट, पाणवठे, पायवाटा यांची नावे ठाऊक आहेत, त्यांच्याकडून ती लिहून घ्यावीत. आपला समाज हा संताजींचा समाज आहे. लिहून ठेवणे हा आपला कुलधर्मच आहे.

सांडपाण्याचे शुद्धीकरण करणे, कारखान्यांवर देखरेख ठेवणे ही कामे शासनाची आणि महापालिकेची. ती त्यांनी केलीच पाहिजेत आणि आपण ती मागितलीच पाहिजेत. परंतु मागणाऱ्यास आपण काय मागतो आहोत याची आठवण असावी लागते. ज्याने स्वच्छ इंद्रायणी पाहिलीच नाही, तो ती परत मागणार कशी? ज्यांनी ती पाहिली अशी आमची पिढी आता साठीच्या पुढे गेली आहे. आणखी वीस वर्षांनी ही साक्ष देण्यास कोणी उरणार नाही. हा लेख लिहिण्याची घाई आम्हांस झाली ती यामुळेच.

शेवटी तीन मुठी मातीची ती कथा. तुकोबांनी आपल्या मित्रास वचन दिले होते आणि ते पाळण्यासाठी त्यांस वैकुंठाहून परत यावे लागले, असे आपले पूर्वज मानीत आले. आपल्या आजोबा-पणजोबांनीही या नदीस, ती आई आहे, असे म्हणून एक प्रकारचे वचनच दिले आहे. ते पाळण्यास आपणांस वैकुंठाहून यावयाचे नाही. घरापासून काठापर्यंत जावयाचे आहे. त्या तरुणास आता आम्ही सांगतो: बाबा, महाबळेश्वरास अवश्य जा, पण त्याआधी एका रविवारी पहाटे मुलांचे हात धरून टाळगाव चिखलीच्या काठावर चल. आम्ही बरोबर येऊ.

श्रीसंताजी महाराज आपणा सर्वांस ही बुद्धी आणि हे बळ देवोत, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.